एएसी ब्लॉकचं वजन आणि घनता: खान्देशात घर बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून घर बांधणारी माणसं मला फोनवर जे प्रश्न विचारतात, तेच इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मनातली शंका एकच असते. ब्लॉक हलका आहे हे दिसतं, पण तो किती हलका असायला हवा आणि ते ओळखायचं कसं? एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एएसी ब्लॉक म्हणजे नक्की काय? आमच्याकडे मिळते ती राखेची सिमेंट वीट हीच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. राखेची वीट दाबून बनवतात. फ्लाय ॲश, सिमेंट आणि कच किंवा वाळू यांचं मिश्रण साच्यात दाबलं की घट्ट, जड वीट तयार होते. ती साध्या विटेच्याच मापाची असते आणि वजनही जवळपास लाल विटेइतकंच, तीन किलोच्या आसपास.

एएसी म्हणजे ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट. या ब्लॉकमध्येही फ्लाय ॲश असते, पण तो फुगवून बनवतात आणि दाबाखालच्या वाफेत शिजवतात. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे आपल्याकडे ‘राखेची’ म्हटलं की लोकांना दोन्ही वस्तू एकच वाटतात. राख एक असली तरी वस्तू दोन आहेत. जुने मिस्तरी याच ब्लॉकला ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ते मुळात एका स्वीडिश ब्रँडचं नाव, पण महाराष्ट्रात त्या जातीच्या सगळ्याच ब्लॉकला चिकटलं.

२. वजन आणि घनता यात फरक काय? दुकानदार दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो.

वजन एका नगाचं असतं, घनता मालाची असते. चार इंची ब्लॉक सात किलोचा आणि आठ इंची ब्लॉक चौदा किलोचा असेल, तर आठ इंची ब्लॉक ‘जड मालाचा’ ठरत नाही. दोन्हींची घनता एकच, घनमीटरला साधारण ६०० किलो. म्हणून नुसतं ‘तुमचा ब्लॉक किती किलोचा?’ असं विचारून काही कळत नाही. माप सांगून वजन विचारा, नाहीतर सरळ घनता विचारा. आणि घनता विचारताना ‘कोरडी’ हा शब्द सोडू नका. का, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. कोणत्या मापाच्या ब्लॉकचं वजन किती असतं?

बाजारात ६०० मिमी लांब आणि २०० मिमी उंच हे माप जास्त चालतं, बदलते ती जाडी. खालचा तक्ता ६०० किलो प्रति घनमीटर कोरडी घनता धरून काढला आहे. ‘गाडीतून उतरताना’ या रकान्यात कोरड्या वजनाच्या ३० टक्के ओल धरली आहे.

| जाडी | कोरडं वजन | गाडीतून उतरताना | एका घनमीटरमध्ये नग | एका ब्रासमध्ये नग |
|---|---|---|---|---|
| ७५ मिमी (३ इंची) | ५.४ किलो | ७ किलो | १११ | ३१५ |
| १०० मिमी (४ इंची) | ७.२ किलो | ९.४ किलो | ८३ | २३६ |
| १५० मिमी (६ इंची) | १०.८ किलो | १४ किलो | ५६ | १५७ |
| २०० मिमी (८ इंची) | १४.४ किलो | १८.७ किलो | ४२ | ११८ |
| २३० मिमी (९ इंची) | १६.६ किलो | २१.५ किलो | ३६ | १०३ |

तुमच्या ब्लॉकचं माप वेगळं असेल तर लांबी, उंची आणि जाडी मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला घनतेने गुणा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर.

अंदाज यावा म्हणून सांगतो. आठ इंची एक ब्लॉक जेवढी जागा घेतो, तेवढ्या जागेत लाल विटा भरल्या तर त्यांचं वजन ४० किलोच्या वर जातं.

४. इतका हलका कसा? आतून पोकळ असतो का?

पोकळ नाही, जाळीदार असतो. फ्लाय ॲश किंवा बारीक दळलेली वाळू, सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि पाणी यांच्या पातळ रबड्यात अगदी किंचित ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि साच्यातलं मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखं वर येतं. हायड्रोजन उडून जातो, त्या बारीक छिद्रांत हवा उरते. मग हा मऊ गठ्ठा तारांनी कापतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे अजस्र प्रेशर कुकरमध्ये, १८० ते २०० अंशांच्या वाफेत कित्येक तास ठेवतात. ताकद येते ती या शिजण्यातून. १९२० च्या दशकात स्वीडनचे वास्तुविशारद योहान आक्सेल एरिक्सन यांनी ही पद्धत शोधली.

यातला घट्ट भाग एकटा मोजला तर त्याची घनता साधारण २५०० भरते. ब्लॉक ६०० चा असेल तर हिशेबाने त्यात पाऊण भाग हवा आणि पाव भाग माल. ताजा ब्लॉक करवतीने कापून उन्हात धरा, बाजरीच्या दाण्याहून लहान छिद्रं उघड्या डोळ्यांनी दिसतात. छिद्रं सगळीकडे सारखी असली तर माल चांगला फुगला आहे. एका बाजूला मोठमोठी भोकं आणि दुसरीकडे घट्ट थर दिसला तर त्या गाडीकडे जरा बारकाईने पाहा.

५. कंपनीच्या कागदावर सहा इंची ब्लॉक पावणेअकरा किलोचा लिहिलाय, माझ्या काट्यावर १४ किलो भरला. मला फसवलं का?

बहुधा नाही. ते जास्तीचं वजन पाण्याचं आहे.

ऑटोक्लेव्हमधून बाहेर येतो तेव्हा ब्लॉक ओला असतो. कोरड्या वजनाच्या ३० टक्के किंवा त्याहून थोडी जास्त ओल त्यात असते. पुढे हवेत राहून तो सुकत जातो आणि ४ ते ६ टक्क्यांवर येऊन थांबतो. कागदावरची घनता मात्र भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण सुकवलेल्या नमुन्याची असते. तुम्ही हातात उचलता तो ब्लॉक आणि कागदावरचा ब्लॉक यांच्यात तीन-साडेतीन लिटर पाण्याचं अंतर असू शकतं.

सावद्याच्या एका बांधकामावर मी हे लोकांसमोर करून दाखवलं होतं. गाडीतून उतरलेल्या सहा इंची ब्लॉकवर खडूने खूण केली आणि शेजारच्या केळीच्या वखारीत नेऊन काट्यावर ठेवला. १४ किलोला थोडा कमी भरला. तोच ब्लॉक एप्रिल आणि मे असे दोन महिने गच्चीवर दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला, खालून-वरून वारा लागेल असा. पुन्हा त्याच काट्यावर ठेवला तेव्हा साडेअकराच्या आत आला होता. घरमालक तो ब्लॉक हातात घेऊन म्हणाले, ‘आबा, हा दुसराच दिसतोय.’ खडूची खूण तशीच होती.

उलटंही होतं. आधीच सुकलेला ब्लॉक हलका लागला म्हणून ‘कमी मालाचा’ ठरवून परत पाठवलेला मी पाहिला आहे. नुसत्या हाताच्या अंदाजावर निकाल देऊ नका. प्रश्न ८ मधली परीक्षा करा.

६. आयएस कोडमध्ये घनतेबद्दल काय लिहिलंय? मी कोणती घनता घेऊ?

एएसी ब्लॉकसाठी आयएस २१८५ भाग ३ हे भारतीय मानक आहे. त्यात कोरड्या घनतेचे पाच गट केले आहेत: ४५१–५५०, ५५१–६५०, ६५१–७५०, ७५१–८५० आणि ८५१–१००० किलो प्रति घनमीटर. प्रत्येक गटात ग्रेड १ आणि ग्रेड २. पहिल्या गटात ग्रेड १ ची ताकद किमान २ न्यूटन प्रति चौरस मिमी, ग्रेड २ ची १.५. दुसऱ्या गटात ती ४ आणि ३ होते. सगळ्यात जड गटात ७ आणि ६.

पहिल्या गटातून दुसऱ्यात जाताना घनता जेमतेम १०० किलोने वाढते, पण ताकद दुप्पट होते. म्हणून घराच्या भिंतीसाठी मी ५५१–६५० चा ग्रेड १ सुचवतो. विक्रेते ‘६००’ म्हणतात ते याच गटातलं. त्याहून हलका ब्लॉक आतल्या, भार न घेणाऱ्या भिंतीला चालतो, पण तो कडांना लवकर झडतो. आपल्याकडच्या रस्त्यांवरून गाडी साइटवर येईपर्यंत त्याचे कोपरे किती शाबूत राहतात, तेही बघावं लागतं.

पावतीवर ‘एएसी ब्लॉक’ एवढंच लिहून घेऊ नका. माप, कोरड्या घनतेचा गट आणि ग्रेड, तिन्ही लिहून घ्या. पुढे वाद झाला तर बोलायला कागद लागतो.

७. भाऊ, हाऊ ब्लॉक इतला हलका शे, तं भित टिकी का?

अमळनेरच्या एका आजोबांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे, कारण सगळ्यांच्या मनातला तो हाच आहे.

आरसीसी कॉलम-बीमच्या घरात भिंतीवर स्लॅबचा भार नसतो. तिने स्वतःचं वजन पेलायचं, वारा-पाऊस अडवायचा आणि धक्का सोसायचा. एवढ्या कामाला ४ न्यूटनचा ब्लॉक पुरेसा आहे, भिंत टिकते. या ब्लॉकच्या भिंती खराब होतात त्या ताकदीअभावी क्वचितच. ओला ब्लॉक लावणं, कॉलमशी नीट न बांधणं, लांब भिंतीत मधे पट्टा न देणं, ही कारणं जास्त सापडतात. ब्लॉक विटेपेक्षा ठिसूळ आहे, हेही मान्य करायला हवं.

कॉलम न घेता थेट भिंतीवर स्लॅब टाकायचा असेल तर गोष्ट वेगळी. शेतातली एक खोली असली तरी त्यासाठी ब्लॉकची ताकद, भिंतीची जाडी आणि उंची, खिडक्यांच्या जागा हे सगळं इंजिनिअरने काढून द्यायला हवं. ‘शेजारच्या गावात केलंय, तिथे काही झालं नाही,’ एवढ्यावर स्लॅब टाकू नका. हे मी कळवळून सांगतो.

८. साइटवर घनता कशी तपासायची? पाण्यात तरंगला की चांगला, असं म्हणतात ते खरं का?

तरंगणं म्हणजे घनता १००० च्या आत आहे, इतकंच. ५०० चा तरंगतो, ८५० चाही तरंगतो. मात्र तरंगताना तो किती बुडाला हे पाहिलं तर थोडं कळतं. हौदात आडवा सोडल्याबरोबर उंचीच्या साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, तर त्या क्षणी त्याची ओली घनता ६५० च्या आसपास आहे. लगेच बघा, कारण ब्लॉक पाणी पीत जातो आणि खाली खाली बसतो.

पक्की आणि सोपी परीक्षा वेगळी आहे. करवतीने ब्लॉकचा १० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, १० सेंमी उंच असा तुकडा कापा. त्याचं आकारमान बरोबर एक लिटर होतं. म्हणून त्याचं ग्रॅममधलं वजन हीच त्याची घनता. ६१० ग्रॅम भरला तर ६१० किलो प्रति घनमीटर. सराफाकडचा काटा लागत नाही, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. कापताना माप चुकलं तर तिन्ही बाजू पुन्हा मोजा आणि भागाकार करा. एका बाजूला २ मिमी कमी कापलं गेलं तरी उत्तरात दोन टक्क्यांचा फरक पडतो.

तुकडा आधी सुकवायला विसरू नका. घरात तापमान लावता येणारा ओव्हन असेल तर १०५–११० अंशांवर ठेवा. काही तासांनी काढून वजन घ्या, परत ठेवा, परत घ्या. दोन वजनं सारखी आली की सुकला. ओव्हन नसेल तर मे महिन्यातल्या गच्चीवर आठवडाभर ठेवून आलेल्या वजनातून अंदाजे पाच टक्के वजा करा. हा अंदाज झाला. वाद असेल तर नमुने प्रयोगशाळेत द्या, तिथे आयएस ६४४१ मधल्या पद्धतीने घनता आणि ताकद दोन्ही काढतात.

अजून एक बारकावा. साच्यात मिश्रण वर येताना खालचा भाग थोडा घट्ट आणि वरचा थोडा पोकळ राहतो. एकाच ब्लॉकच्या दोन टोकांत थोडा फरक निघाला तर घाबरू नका. तीन ठिकाणचे तीन तुकडे घेऊन सरासरी काढा.

९. पूर्ण गाडी वजनकाट्यावर नेली तर काही कळेल का?

कळेल, पण ओली घनता कळेल. भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा आणि नग मोजून काढलेल्या घनमीटरने भागा. २० घनमीटर ब्लॉक आणि निव्वळ वजन १६ टन असेल तर ८००. ‘कागदावर ६०० आणि काट्यावर ८००’ असं वाटून भांडण काढू नका, प्रश्न ५ पुन्हा वाचा. एका घराला दोन-तीन गाड्या लागत असतील तर प्रत्येकीचा आकडा लिहून ठेवा. दोन गाड्यांत घनमीटरमागे शंभरेक किलोचा फरक दिसला तर दुसऱ्या गाडीतला ब्लॉक कापून प्रश्न ८ ची परीक्षा करा.

ब्लॉक घ्यायचा तो घनमीटरवर किंवा नगावर. वजनावर घेतला तर पाण्याचे पैसे द्याल.

१०. विटेच्या भिंतीपेक्षा ब्लॉकची भिंत तीनपट हलकी होते, असं सांगतात. खरं आहे का?

ब्लॉक तीनपट हलका आहे, भिंत तितकी हलकी होत नाही. मधे प्लास्टर येतं.

विटेचं बांधकाम घनमीटरला साधारण १९०० किलो धरा. नऊ इंची भिंत चौरस मीटरला ४३७ किलो, त्यावर आतून १२ मिमी आणि बाहेरून १८ मिमी प्लास्टरचे ६० किलो. म्हणजे ५०० च्या जवळ. आठ इंची ब्लॉकची भिंत घ्या. थोडी ओल आणि सांधे धरून ७०० घनतेने १४० किलो, प्लास्टर तेच ६०. एकूण २००. म्हणजे अडीचपट हलकी. चार इंची आतल्या भिंतीत तर ७० किलो ब्लॉक आणि ४८ किलो प्लास्टर अशी वाटणी होते. प्लास्टरचा वाटा तिथे फार वाढतो.

ब्लॉकचे पृष्ठभाग सरळ असतात, म्हणून प्लास्टर पातळ बसतं आणि सांधाही ३ मिमीच्या चिकट मसाल्याने भरता येतो. पण मिस्तरीने सवयीने बारा-पंधरा मिमीचा सिमेंटचा सांधा भरला आणि वाकडी भिंत लपवायला इंचभर प्लास्टर चढवलं, तर हलक्या ब्लॉकसाठी मोजलेले पैसे भिंतीवरच वाया जातात.

दहा फूट उंच भिंतीच्या एका धावत्या फुटाचं वजन विटेत ४६५ किलो आणि आठ इंची ब्लॉकमध्ये १८६ किलो येतं. दहा बाय बाराच्या खोलीच्या चारही भिंती, दारं-खिडक्या वजा न करता, विटेत २० टन आणि ब्लॉकमध्ये ८ टन.

११. मग लोखंड आणि सिमेंट किती वाचेल?

तुमचं डिझाइन कोणत्या भिंतीसाठी झालं आहे, ते आधी सांगा. इंजिनिअरने विटेची भिंत धरून बीम-कॉलम काढले असतील आणि तुम्ही नंतर ब्लॉक आणले, तर एक किलोही लोखंड वाचणार नाही. सळई जेवढी बांधली तेवढीच राहील. बचत हवी असेल तर नकाशा काढायच्या आधीच ब्लॉकचं ठरवा आणि इंजिनिअरला तसं सांगा. भार मोजताना तो कोरडी ६०० न धरता ७०० ते ८०० धरेल, तेच बरोबर आहे. ‘कंपनी ६०० म्हणते, तुम्ही ८०० का धरता?’ म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका.

एक मजली घरात फरक थोडा पडतो, कारण स्लॅब, बीम आणि माणसा-सामानाचा भार काही बदलत नाही. मजले वाढतील तसा फायदा वाढतो. भूकंपाचं बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतं, त्यामुळे उंच इमारतीत हलक्या भिंतीचा हा दुसरा फायदा मोठा आहे.

१२. आमच्याकडे काळी माती आहे. हलका ब्लॉक वापरला तर पाया उथळ घेतला तर चालेल ना?

नाही, आणि या पानावरचं हेच उत्तर सगळ्यात जास्त लोकांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तापीकाठची आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिथे प्रश्न फक्त घर खाली दबण्याचा नसतो, माती घराला वर उचलते त्याचाही असतो. जड घराला ती कमी उचलते, हलक्या घराला जास्त. म्हणजे भिंत हलकी केल्याने काळ्या मातीचा त्रास कमी होत नाही, काही ठिकाणी तो वाढतो. त्यात ब्लॉक ठिसूळ, म्हणून पाया थोडा हलला तरी भिंतीवर तिरपी भेग लगेच दिसते.

उपाय पायातच करावा लागतो. हंगामाप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली पाया न्या. खोल काळी माती असेल तर खालच्या टोकाला फुगीर गोळा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेण्याचा प्रघात आहे. जोत्याच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा ठेवतात. माती थोडी असेल तर ती काढून मुरूम भरतात. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी आणि उतार हवाच. वर खिडकीखाली आणि लिंटेलला सलग काँक्रीटचा पट्टा द्या. एवढं केल्यावर ब्लॉक जरूर वापरा.

१३. पावसाळ्यात आणलेले ब्लॉक लगेच लावू का?

नको. चाळीसगाव रस्त्यावरच्या एका घरावर माझ्या डोळ्यांसमोर ही चूक झाली. पोळ्याच्या सुमारास गाडी आली, ब्लॉक थेट जमिनीवर रचले, वर कागद नाही. घाई होती म्हणून तसेच लावले आणि प्लास्टरही उरकलं. होळीपर्यंत भिंती सुकल्या, सुकताना आकसल्या आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत उभ्या भेगा आल्या. मी तेव्हा जोर धरून काम थांबवायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्लॉक लाकडी ओंडक्यांवर किंवा फरशीवर रचा, वरून झाका, बाजूने वारा खेळू द्या. भिंत झाल्यावर प्लास्टरची घाई करू नका. आणि विटा भिजवायची सवय इथे आणू नका. ब्लॉक पाण्यात बुडवायचा नाही, वरची धूळ जाईल इतका ओला हात फिरवायचा.

१४. जुन्या घरावर वरचा मजला फक्त ब्लॉकने बांधला तर चालेल का? हलका आहे ना?

हलका ब्लॉक म्हणजे वजनच नाही असं नव्हे. वरच्या मजल्यात भिंतींपेक्षा नवीन स्लॅबचं वजन विसरलं जातं. पाच इंची स्लॅब एकटाच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो. जुनं घर विटा-मातीच्या जुडाईचं किंवा धाब्याचं असेल तर त्यावर काहीच चढवू नका. आरसीसी असेल तर जुनं डिझाइन घेऊन इंजिनिअरकडे जा.

असलेल्या स्लॅबवर नुसती आडभिंत घालायची असेल आणि खाली बीम नसेल, तर चार इंची ब्लॉक विटेपेक्षा नक्कीच बरा. तरी दहा फूट उंचीला धावत्या मीटरमागे साडेतीनशे किलो पडतातच. तेही विचारूनच.

१५. हलक्या भिंतीवर कूलर आणि गीझर टांगता येतो का?

येतो, पण साधा खिळा ठोकून नाही. आपल्याकडे खिडकीला टांगलेला कूलर पाणी भरल्यावर किती जड होतो, ते सगळ्यांना माहीत आहे. वर तो दिवसभर थरथरतो. कूलरसाठी जमिनीवर उभा स्टँड करा, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्टी द्या. गीझरला या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग लागतात. भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग सैल बसतो. घनता जितकी कमी तितकी पकड कमी, म्हणून ५०० च्या ब्लॉकवर जड वस्तू टांगू नका.

१६. हलका ब्लॉक म्हणजे घर थंड, हे किती खरं?

भिंतीपुरतं खरं. ५५१–६५० गटाच्या ब्लॉकची उष्णतावाहकता मानकात ०.२४ दिली आहे, विटेची साधारण ०.८ धरतात. घनता वाढली की हा आकडाही वाढतो, सगळ्यात जड गटात तो ०.४२ आहे. भिंत ओली असेल तर उष्णता जास्त आत येते. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पश्चिमेच्या भिंतीला हा फरक हाताला जाणवतो. पण एक मजली घर तापतं ते मुख्यतः गच्चीमुळे. भिंती ब्लॉकच्या केल्या आणि गच्ची उघडी ठेवली, तर रात्री झोप तशीच उडेल.

१७. शेजारच्या खोलीतला आवाज येतो, तो ब्लॉक हलका असल्यामुळे का?

हो, बऱ्याच अंशी. आवाज अडवायला भिंतीत वजन लागतं. चार इंची ब्लॉकची आडभिंत चार इंची विटेपेक्षा कमी आवाज अडवते. दोन घरांमधली भिंत जाड घ्या, दोन्हीकडून पूर्ण प्लास्टर करा आणि बीमखालची फट नीट भरा.

१८. सीएलसी ब्लॉकही हलकाच असतो. मग स्वस्त मिळाला तर घ्यावा का?

सीएलसी म्हणजे सेल्युलर लाइटवेट काँक्रीट. त्यात तयार फेस मिसळतात आणि ब्लॉक ऑटोक्लेव्हमध्ये न शिजवता पाणी मारून पिकवतात. त्याचं मानक वेगळं, आयएस २१८५ भाग ४. तो सहसा एएसीपेक्षा जड असतो, ८०० आणि त्याहून वर. तेवढ्याने तो वाईट ठरत नाही. मात्र एएसी सांगून सीएलसी दिला जात असेल तर प्रश्न ८ चा लिटरचा तुकडा ते लगेच दाखवतो. आणि डिझाइन एएसीच्या वजनावर झालं असेल तर मधेच बदलू नका.

१९. जोत्याखाली किंवा संडास-बाथरूमला एएसी ब्लॉक वापरू का?

जोत्याखाली नको. सतत ओल्या मातीत तो पाणी पितो. तिथे दगड, काँक्रीट किंवा पक्की वीट. बाथरूमला चालतो, पण वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर करू नका आणि खालचा पहिला थर काँक्रीटचा घ्या.

२०. फुटलेले तुकडे खूप उरलेत. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये भरू का? वजन वाचेल.

वजन वाचतं. विटांच्या तुकड्यांऐवजी एएसीचे तुकडे भरले तर स्लॅबवरचा भार बराच कमी होतो, म्हणून ही कल्पना चांगली आहे. पण खालचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि पाणी साठवून गळती तपासल्यावरच भरा. वरूनही वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर द्या. पाइपचा सांधा आत गळत राहिला तर हे तुकडे स्पंजासारखे पाणी धरतात, वजन परत वाढतं आणि ओल खालच्या खोलीच्या छताला दिसेपर्यंत कळत नाही. भरण्याआधी तुकडे उन्हात सुकवा. त्यांच्यातली धूळ आणि चुरा चाळून काढा, कारण चुरा भिजून बसला की वरची फरशी खचते.